दोन बायकांमधला ऊर्फ

मस्कतच्या अल हैलमधलं घर सोडायच्या आदल्या संध्याकाळी मी समुद्राकडच्या गल्ल्यांतून उगाचच भटकत होते. उगाच कसलं, खोटं कशाला बोलू? पाय न्यायचं तिथेच नेत होते. सामान बांधून झालं होतं, टेम्पो सकाळी सातला यायचा होता, अल अमेरातच्या नव्या फ्लॅटची किल्ली पर्समध्ये होती. किनाऱ्यावर तारली वाळत घातली होती. इथे तिला सार्डिन म्हणतात, पण वास तोच. आठ वर्षांत शेजारच्या पंजाबी बाईंनी खिडक्या लावून घेतल्या, आमच्या ह्यांनी नाकाला रुमाल लावला, लेकीने ‘आई, यक्’ केलं. मी मात्र दर हिवाळ्यात त्या वासात उभी राहून दाभोळच्या धक्क्यावर जाऊन यायचे.

तिसऱ्या गल्लीच्या टोकाला हिरव्या फाटकाचा बंगला. आता तिथे लहान मुलांची नर्सरी झालीय. भिंतीवर हत्ती काय, जिराफ काय, एक ससा तर चक्क डोळा मारतोय. बोगनवेल कापून टाकलीय. गच्चीवर जाणारा बाहेरचा जिना तेवढा तसाच होता, आणि पाचव्या पायरीचा तुटका कोपराही. त्या कोपऱ्यावर मी किती वेळा ठेचकाळलेय त्याला गणती नाही. “मॅडम, ती पायरी तेवढी दुरुस्त करून घ्या हो,” मी म्हणायचे. तेव्हा तिथे राहणाऱ्या लोरेटाबाई म्हणायच्या, “अर्बाब इन्शाल्ला म्हणालाय.” अर्बाब म्हणजे घरमालक. त्यांचं इन्शाल्ला मला वाटतं अजून चालूच आहे.

चार दिवसांपूर्वी लोरेटाबाईंचं पत्र आलं होतं, अमेरिकेहून, मोबाइलवर. सोबत एक चित्र होतं. राखाडी दगड, त्यावर कोरायची अक्षरं. ओनाहोके ऊर्फ सॅली. आमच्या सगळ्यांची आई. मधला शब्द अर्थात इंग्रजीत होता, पण मी तो ऊर्फच वाचला, कारण तो तिथे मीच घातला होता. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘आमच्या घरच्या दफनभूमीत हा लावायचा आहे. ही नावं तू शोधलीस, तेव्हा एकदा तूच तपासून दे. तू हो म्हणेपर्यंत मी कारागिराला छिन्नी लावू देणार नाही.’

आणि ते चूक होतं. चार वर्षं मला माहीत होतं की ते चूक आहे.

पहिल्यापासून सांगते. लग्नाआधी मी रत्नागिरीला सरकारी दप्तरखान्यात कारकून होते. जुने फेरफार, जन्ममृत्यूच्या नोंदी, मोडीतले कागद, ब्रिटिश काळातली इंग्रजी पत्रं, सगळा गठ्ठा माझ्या टेबलावर. त्या कागदांना एक वास असतो. डिंकाचा, कसरीचा आणि थोडासा डांबराच्या गोळ्यांचा. दुपारी पंखा बंद करून काम करावं लागायचं, नाहीतर शंभर वर्षांचं पान हातात तुकडे होऊन यायचं. लोकांना वाटतं ते रटाळ काम. छे! मला तर घामाघूम होऊन घरी जाताना वाटायचं, आज मी चार मेलेल्या माणसांना भेटून आले. लग्न झालं, ह्यांच्यामागून मस्कतला आले, आणि ते सगळं संपलं. हे सोहारच्या औद्योगिक वसाहतीत फोरमन. आठवडाभर तिकडे कॅम्पात, सुट्टीला घरी. सुट्टी आधी गुरुवार-शुक्रवार होती, मग शुक्रवार-शनिवार झाली, एवढाच काय तो आमच्या संसारातला फेरफार.

लोरेटाबाई मला भेटल्या इब्राहीमभाईंच्या दुकानात. इब्राहीमभाई राजापूरकडचे, सीबच्या बाजारात झेरॉक्सचं आणि छपाईचं दुकान. मी व्हिसाच्या कागदांच्या प्रती काढायला गेले होते, आणि ही उंच, पिकल्या केसांची, खांद्यावर सुती ओढणी घेतलेली बाई छापून आलेल्या कागदावर भिंग धरून इंग्रजीत स्वतःशीच शिव्या देत होती. कागदावर जुनं, तिरकं, शाईचं लिखाण होतं. मी मान वाकडी करून बघितलं आणि ओळ वाचून दाखवली. सवय हो, दुसरं काय. बाईंनी भिंग खाली ठेवलं.

“तू हे कसं वाचलंस?”

“माझं कामच होतं ते.”

“उद्या दुपारी मोकळी आहेस?” बाईंनी विचारलं. माझं नावही विचारलं नव्हतं अजून.

त्या इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत. वडिलांकडून चॉक्टॉ. हे मला तेव्हा समजावून सांगावं लागलं, म्हणून तुम्हालाही सांगते. चॉक्टॉ म्हणजे अमेरिकेतले मूळचे लोक, मिसिसिपीच्या बाजूचे. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी गोऱ्यांना त्यांच्या जमिनी हव्या झाल्या, आणि सरकारने गावंच्या गावं उठवून मोठ्या नदीपलीकडे पश्चिमेला धाडली. थंडीत, बर्फात, काही बोटीने, काही बैलगाड्यांतून, बरीचशी चालत. त्यात मिश्र घरंही होती, गोरा व्यापारी बाप आणि चॉक्टॉ आई अशी. बाईंच्या घराण्याचा मूळपुरुष विल्यम तसाच, स्कॉटिश बापाचा आणि चॉक्टॉ आईचा. त्याचं नाव सगळीकडे सापडत होतं. सापडत नव्हती ती त्याच्या मुलाची आई. बाई म्हणायच्या, “आमच्यात कूळ बापाकडून नाही येत, आईकडून येतं. विल्यम सापडला, बरं झालं. पण त्याच्यावरून त्याच्या मुलाचं कूळ कळत नाही. त्या बाईचं नाव कळायला हवं.” बाईंचे वडील नव्वदीला टेकले होते, आणि ते दर फोनवर एकच विचारायचे, सापडली का?

मग तीन हिवाळे मी त्या गच्चीवर होते. लेक शाळेतून यायच्या आत, दुपारी दोन ते चार. गच्चीवर कापडी छप्पर, खाली लांबलचक टेबल, समुद्राचा वारा. प्रत्येक माणसाच्या नावाची एक चिठ्ठी, आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर किनाऱ्यावरून आणलेला एक खडा. एक माणूस, एक खडा, हा बाईंचा नियम. टेबलावर सत्तर-ऐंशी खडे मांडलेले असायचे. खाली शेजारच्या ओमानी घरात गुरुवारी लोबान जाळत, त्याचा धूर जिन्यावरून वर यायचा. बाई वेलदोड्याचा कहावा थर्मासमधून ओतायच्या, सोबत खजूर. मी बोटं चाटून पुसल्याशिवाय कागदाला हात लावायचे नाही, त्यावर त्या हसायच्या. “अगं, हे झेरॉक्स आहेत!” असतील झेरॉक्स. कागद तो कागद.

एका डिसेंबरात त्यांनी मक्याच्या सालांचा गठ्ठा आणला. मक्याचं पीठ भिजवून, सालांत गुंडाळून, दोऱ्याने बांधून उकडलं. बनाहा म्हणे. वाफ सुटली, ओल्या पातीचा वास स्वयंपाकघरात भरला, आणि मी खुर्चीवर बसलेच. आमच्या पातोळ्याच त्या! फक्त हळदीचं पान नाही आणि आत गूळखोबरं नाही. मी तसं म्हणाले, तर बाईंनी मला लगेच कामाला लावलं. हळदीची पानं कुठून आणणार मस्कतला? केळीच्या पानावर भागवलं. दोन्ही ताटं शेजारी ठेवून आम्ही खाल्लं. त्या दुपारी एकही कागद वाचला नाही. माझ्या परदेशातल्या सगळ्या वर्षांत मी इतकी सुखात कधी नव्हते, आणि हे मला तेव्हा कळतसुद्धा होतं.

पण ते कागद साधे नव्हते. जायच्या आधीच्या शिरगणतीत प्रत्येक घरातल्या मुख्य माणसाचंच नाव, बाकी घर म्हणजे आकडे. विल्यमच्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात दोनचा आकडा होता. वर रकान्याचं शीर्षक वाचलं. गुलाम. ज्यांना घराबाहेर काढलं जात होतं त्यांच्या घरातही विकत घेतलेली दोन माणसं होती. मी बाईंकडे बघितलं. त्या उठून कठड्यापाशी गेल्या, बराच वेळ समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी चाचरत म्हटलं, “मॅडम, हा रकाना आपण सोडून देऊ या का? तुमच्या घरच्या मुलांना वाचायचंय हे.” त्या वळल्या. डोळे लाल होते.

“नाही. लिही. तेही लिही.”

त्यांनी पिशवीतून दोन खडे काढले आणि दोन कोऱ्या चिठ्ठ्यांवर ठेवले. नावं नव्हतीच लिहायला. त्या दोन कोऱ्या चिठ्ठ्या शेवटपर्यंत टेबलावर होत्या.

त्याच सुमाराला कधीतरी मी त्यांना माझ्या नावाची गोष्ट सांगितली. बोलता बोलता निघाली. आमच्यात लग्नाच्या दिवशी सासरी ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सगळे वाकून वाचतात, टाळ्या, थट्टा, पेढे. माझं नवं नाव मला इतरांबरोबरच कळलं. छान नाव आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मी चोवीस वर्षं दुसरीच कुणी होते ना? तांदळाचा भात झाला असेल दुसऱ्या दिवशी, नाव मला चिकटलं ते चिकटलं. माहेरचं नाव फक्त आई घेत राहिली. आई गेली, नाव गेलं.

“तुला कुणी विचारलं नाही?” बाईंनी विचारलं.

“विचारतात काय त्यात!”

“तुझं आधीचं नाव काय?”

मी सांगितलं. त्यांनी दोनतीनदा म्हणून बघितलं, जीभ वळवून वळवून. आणि त्या दिवसापासून त्या मला त्याच नावाने हाक मारू लागल्या. फाटकातून आत शिरले की गच्चीवरून हाक यायची. अमेरिकन उच्चार, ‘त’ ऐवजी ‘ट’, पण हाक माझीच. पहिल्या दिवशी मी जिन्यात थांबले आणि पदराने डोळे पुसून मग वर गेले. एवढं कुणी मला दिलं नव्हतं हो मस्कतमध्ये.

आता पुढचं सांगताना माझी मलाच चीड येते.

तिसऱ्या हिवाळ्यात एका मिशनरी शाळेची वही हाती आली. जुन्या मुलखातली, सगळे उठवले जायच्या आधीची. त्यात विल्यमच्या मुलाच्या नावापुढे लिहिलं होतं, आई ओनाहोके. मी ओरडलेच. बाई जिन्यावरून धावत आल्या, पाचव्या पायरीवर अडखळल्या. सापडली! आणि दुसरा कागद होता नदीपलीकडचा, काही वर्षांनंतरचा. त्यात विल्यमची बायको सॅली. बाई गोंधळल्या. “ही कोण मग?”

आणि मी, दप्तरखान्यात सहा वर्षं घालवलेली, शहाणी, हसले. म्हटलं, “मॅडम, यात कोडं कसलं? आमच्याकडे अर्ध्या नोंदी अशाच असतात. माहेरचं एक, सासरचं एक. वारस लावताना आम्ही दोन्ही लिहितो, मधे ऊर्फ. मिशनऱ्यांनी बाप्तिस्मा करून नाव बदललं असणार. दोन नावं, बाई एकच.”

“नक्की?”

“माझ्या हातून अशा हजार गेल्यात.”

खरंच गेल्या होत्या. म्हणून तर तपासावंसं वाटलं नाही. नावं दोन दिसली की बाई एक, हे माझ्या हाताला इतकं वळण पडलं होतं. माझंच उदाहरण समोर होतं की! मी ओनाहोकेची चिठ्ठी उचलली, सॅलीच्या चिठ्ठीवर ठेवली, आणि दोन्हींवर मिळून एक खडा ठेवला. उरलेला खडा बाईंनी परत पिशवीत टाकला. त्यांनी मला मिठी मारली. त्याच दिवशी वडिलांना फोन केला. फोनमधून म्हाताऱ्याचं रडणं मला ऐकू येत होतं. पंधरवड्याने ते गेले. बाई म्हणाल्या, ते शांतपणे गेले, त्यांना आई मिळाली होती.

वसंतात बाईंच्या मुलीला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं सॅली. ओनाहोके आजकालच्या शाळेत कोण म्हणणार, म्हणून सोपं निवडलं. बाईंनी गच्चीवर फोटो नाचवत मला दाखवला. “तुझ्यामुळे!” मी सीबच्या मिठाईवाल्याकडून ओमानी हलवा आणला, केशराचा. आम्ही दोघींनी चमच्याने वाटीतूनच खाल्ला.

आणि मग जूनमध्ये, बाई कायमच्या परत जायच्या आठवडाभर आधी, मी इब्राहीमभाईंच्या दुकानात सगळ्या कागदांची शेवटची छापील प्रत काढायला गेले. त्यांना सोबत नेण्यासाठी बांधून द्यायची होती. बाहेर उन्हाची नुसती भट्टी, आत मशीनची ऊब, गरम शाईचा वास. इब्राहीमभाई पानं लावत होते. निघताना तांड्याची केलेली यादी आणि पोचल्यावर केलेली यादी, दोन्ही त्यांच्या हातात शेजारी आली. त्यांत नाव एकच, बाकी बायका किती, पुरुष किती, कुठल्या वयाचे, असे रकाने. इब्राहीमभाईंचं इंग्रजी बेताचंच, पण आकडे आकडेच असतात.

“अगो बाय, हे बघितलंस? निघताना ह्या घरात एक बाईमाणूस हाय, पोचताना नाय. खय गेली ती?”

“कारकुनाची चूक असेल,” मी म्हटलं.

“असंल.” त्यांनी पानं सारखी केली. “माझ्या पणजीला आमच्यात मस्कतवाली म्हणत. पणजोबांनी गलबतातून नेलीन तिला राजापूरला. तिचं नाव काय, आज कुणाला ठाव नाय. म्हणून हो नदर गेली. दुसरं काय नाय.”

मी ती यादी त्यांच्या हातातून घेतली. तीन वर्षांत मी तिच्यातली फक्त विल्यमची ओळ वाचली होती. कुटुंबप्रमुखाची. आता पहिल्यांदा अख्खी वाचली. सात ओळी खाली, त्याच तांड्यात, निघतानाच्याच यादीत, स्वतःच्या घराची स्वतःच प्रमुख म्हणून सॅली होती. विधवा. एक मूल. पोचल्यावरच्या यादीतही सॅलीची ओळ होती, पण आता दोन मुलं. विल्यमच्या घरात मात्र ना बाई, ना मूल. मग नंतरच्या कागदात सॅली त्याची बायको.

एका वेळी एकाच रस्त्याने चालणाऱ्या त्या दोन बायका होत्या. एक निघाली आणि वाटेत कुठेतरी संपली. कुठे, कशाने, कुणी पुरलं की नाही, काही नाही. कागदावर एकाचं शून्य झालं, बस. दुसरीने तिचं पोर आपल्या पोराबरोबर वाढवलं. आणि मी काय केलं? मेलेलीला दुसरीच्या अंगात घातलं आणि सुखरूप पोचवलं. मी यादी धरून काउंटरला टेकले. इब्राहीमभाईंनी स्टूल पुढे केलं, लबान ताकाची बाटली फोडून दिली. “ऊन लागला काय गो?” हो म्हटलं.

त्या आठवड्यात मी पाच वेळा बंगल्यावर गेले. पाचही वेळा सांगायचं ठरवून. पहिल्या दिवशी बाई पुस्तकं खोक्यात भरत होत्या, दुसऱ्या दिवशी कॉलेजची माणसं आली होती, तिसऱ्या दिवशी नातीचा फोटो चौकटीत बसवून भिंतीला टेकवला होता. कारणं काय हो, मागितली की मिळतात. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. म्हातारा शांतपणे गेला होता, पोरीचं नाव पडलं होतं. आणि त्याहून खरं म्हणजे, ती गच्चीवरची हाक बंद होईल असं मला वाटत होतं. शेवटच्या दिवशी बाईंनी मला पिशवीतला एक खडा दिला, करडा, वर पांढरी रेघ असलेला. “ओनाहोकेचा,” म्हणाल्या. “तू ठेव.” मी ठेवला. कपाटात, बांगड्यांच्या डब्यात. चार वर्षं बांगडी काढायची म्हटलं की तो हाताला लागायचा.

ह्यांना मी कधीतरी सांगितलं होतं. त्या दगडाचं चित्र आल्यावर सोहारला फोन करून पुन्हा सांगितलं. हे म्हणाले, “दोनशे वर्षांपूर्वीच्या बायका, त्याही अमेरिकेतल्या! तुझं काय जातंय? हो म्हणून टाक. विषय खलास.” वाईट नाहीत हो आमचे हे. त्यांना मला रडताना बघवत नाही, आणि फोनवर ऐकवतही नाही. मी म्हटलं, “बघते.”

म्हणून त्या संध्याकाळी मी नर्सरीच्या फाटकासमोर उभी होते. डोळा मारणारा ससा माझ्याकडे बघत होता. वर गच्चीवर कुणीतरी इवलाली रंगीत ॲप्रनं दोरीवर वाळत घातली होती. मी मनातल्या मनात ते लांब टेबल मांडलं. विल्यमचा खडा, मुलाचा खडा, त्या दोन कोऱ्या चिठ्ठ्यांचे खडे. ज्यांचं नाव माहीत नाही त्यांनाही बाईंनी जागा दिली होती, आणि जिचं नाव माहीत होतं तिची जागा मी पुसली होती. मी तेव्हा रकाना सोडून देऊ या म्हटलं होतं. चार वर्षं मी दुसरं काय करत होते?

दगड एकदा कोरला की दुरुस्ती नाही. आमच्या दप्तरात निदान लाल शाईने खाडाखोड करून शेजारी सही करता येते.

पर्स फाटकाच्या कट्ट्यावर ठेवली आणि तिथेच उभ्याने पत्र लिहिलं. इंग्रजी माझं असं तसंच. लिहिलं की ओनाहोके आणि सॅली दोन बायका होत्या. दोन्ही याद्यांच्या प्रती तुमच्याकडे आहेत, विल्यमची ओळ बघा, मग सात ओळी खाली बघा. ओनाहोके वाटेत गेली. मुलगा तिचा. त्याला वाढवलं सॅलीने. दगडावर दोन नावं दोन ओळींत हवीत, मधला शब्द काढून टाका. तो माझा होता. हे मला तुम्ही निघायच्या आधी कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. शेवटच्या वाक्याशी मी खूप वेळ थांबले. आज सकाळीच यादी पुन्हा चाळताना सापडलं, असंही लिहिता आलं असतं. कोण बघायला येणार होतं? पण बाई कठड्याशी उभ्या दिसत होत्या, लाल डोळ्यांच्या. तेही लिहिलं. खाली माझं माहेरचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. अजानचा आवाज आला, दिवे लागले, तारलीचा वास तसाच. घरी जाऊन मी कुकर लावला.

अल अमेरातला समुद्र नाही. सगळीकडे उघडे काळे डोंगर, संध्याकाळी धुळीचा वास, खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी सुकवलेली काळी लिंबं घालून मांस शिजतं त्याचा वास. बांगड्यांचा डबा अजून खोक्यातच होता. तो काढला, खडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. लेक म्हणाली, “आई, हा दगड कशाला आणला?” मी म्हटलं, “कुणाचा तरी आहे.” दिवसातून वीस वेळा मी मोबाइल बघत होते. कणीक मळताना, भाजी चिरताना, ओल्या हाताने.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. लहानसंच होतं. याद्या पाहिल्या, तुझं बरोबर आहे. कारागिराला थांबवलं आहे. आता दोन दगड होतील, शेजारी शेजारी. धाकट्या सॅलीला ती मोठी झाली की दोघींची गोष्ट सांगेन, तिचं नाव चांगल्या बाईचं आहे. वडिलांना मात्र आता काही सांगता येणार नाही. कळवल्याबद्दल आभार.

पत्र ‘प्रिय मिसेस’ असं सुरू होत होतं, आणि पुढे माझं सासरचं आडनाव. व्हिसावर असतं तसं, अचूक. सुरुवातीला मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून आलं. मग मी ते शेवटच्या ओळीपासून एकेक ओळ वर वाचत आले, माझं आधीचं नाव मधे कुठेतरी असेल म्हणून. सगळं वाचलं, या वेळी एकही ओळ सोडली नाही. ते नव्हतं.